निळ्या पत्र्यावरचा ठिपका

११ एप्रिल, शनिवार

आज ऑफिसचा कॉम्प्युटर घरी आला. आमचे संपादक मास हांडोको, म्हणजे हांडोकोदादा, यांनी तो चादरीत गुंडाळून मोटरसायकलवरून आणला, उंबऱ्यावर ठेवला आणि दोन मीटर मागे जाऊन उभे राहिले.

"वेनिंग, याला जप. हा बंद पडला तर पेपरातले नकाशे बंद."

"आणि मी बंद पडले तर?"

"तू कसली बंद पडतेस," म्हणाले आणि किक मारून गेले.

अकरा वर्षं झाली, मी या दैनिकात बातम्यांचे नकाशे काढतेय. पूल कुठे पडला, पाणी कुठवर आलं, कुठल्या प्रभागात कोण निवडून आलं, हे लोकांना बातमी वाचण्याआधी माझ्या चित्रातून कळतं. आता हे सगळं आमच्या पुढच्या खोलीत, बापाकच्या खुर्चीला खेटून. बापाक म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होते. टेबल लावताच त्यांनी टेप काढून मोजलं आणि सांगितलं, "तुझं दैनिक माझ्या हद्दीत अठरा सेंटिमीटर घुसलंय."

वस्तीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलाय. शेजारी हात धुवायचं पिंप, आणि पिंपाशेजारी गल्लीप्रमुख पाक जुमादी. आजवर त्यांना लग्नात भाषण करण्यापलीकडे काम नव्हतं. ताप मोजायचं यंत्र हातात आल्यापासून त्यांची चालच बदललीय. आज माझं कपाळ दोनदा मोजलं. बाहेरगावच्या नव्हे, तिसऱ्या गल्लीतल्या दुकानातून मीठ घेऊन येत होते मी!

दिवस एकमेकांत मिसळायला लागलेत, म्हणून ही वही.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी बुलिक तुकियेमकडून, म्हणजे तुकियेममावशीकडून, नासी लिवेत आणला. केळीच्या पानात नारळाच्या दुधातला भात, वर पपईची भाजी आणि कोंबडीचे दोन धागे. तिसरा मागितला तर म्हणते, "न्दुक, पोरी, लग्न कर, मग नवऱ्याच्या पानातला घे." आई गेल्यापासून हिच्याच हातचा भात खाऊन मी वाढले. आमच्यापासून चौथं घर तिचं. मुलानं गेल्या वर्षी नवा निळा पत्रा घालून दिला, तेव्हापासून दुपारी स्वयंपाकघराची भट्टी होते म्हणून मुलालाच शिव्या घालते.

दिवसभर साथीच्या रुग्णांचा नकाशा केला. आरोग्य खातं प्रत्येक प्रभागाचा फक्त आकडा देतं, पत्ता नाही. बरोबरच आहे. मी प्रत्येक प्रभागाला एक लाल ठिपका दिला. आकडा वाढला की ठिपका फुगतो. तो प्रभागाच्या मधोमध बसतो, तेही प्रोग्राम आपोआप करतो. खाली करड्या अक्षरांत टीप: ठिपके प्रभाग दाखवतात, नेमकी जागा नाही. त्याखाली आणखी बारीक, ग्राफिक: वेनिंग.

आमच्या केदुंगसारी प्रभागात एक रुग्ण आहे. कोण असेल बिचारा.

१९ एप्रिल, रविवार

वेबसाइटवर सगळ्यात जास्त काय बघतात? माझा नकाशा! पहिल्या पानाचे लेख लिहिणारे बसलेत हात चोळत. मला मनापासून आनंद झालाय आणि तो मी लपवणार नाही.

मास हांडोकोंना आता आणखी हवंय. "नुसत्या रेषा रुक्ष वाटतात. खाली उपग्रहाचा फोटो घाल, छपरं दिसू देत. बोटांनी ताणलं की जवळ गेलं पाहिजे."

घातला. चोपन्न प्रभाग एकेक करून तपासले. आमच्या प्रभागाचा ठिपका एका निळ्या छपरावर आलाय. निळ्यावर लाल काय खुलून दिसतो! बापाकना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही खुंटी कुणी मारली?"

"खुंटी नाही, ठिपका आहे. कॉम्प्युटर मारतो."

"खुंटी मारणारा माणूसच असतो," म्हणाले आणि चहा मागितला. निवृत्त माणसाला कशात तरी खोट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज रमजानचा पहिला उपवास. बुलिकनं सकाळचं दुकान बंद करून उपवास सोडण्याच्या वेळचं सुरू केलंय. पाच वाजता गेले तर भाताचं पातेलं जवळजवळ भरलेलं. दर रमजानात या वेळेला तळ खरवडत असते.

"पहिला दिवस आहे," मी म्हटलं. "आज सगळे घरीच रांधतात."

"जुमादीची बायकोसुद्धा आली नाही गं. तिला कधी रांधताना पाहिलंस?"

खरंच नाही पाहिलं. पण असेल, या वर्षी सगळंच विचित्र आहे. बुलिकनं आज न मागता कोंबडीचे चार धागे घातले.

२९ एप्रिल, बुधवार

डोकं फिरायची वेळ आलीय. बुलिकला ती साथ लागलीय अशी आवई कुणीतरी उठवलीय! काल तिच्या दारासमोर कुणी जंतुनाशक फवारून गेलं, भाताच्या पातेल्यावरसुद्धा उडलं. पाणी भरायला गेली तर नळावरच्या बायका बादल्या टाकून पळाल्या. बादल्या टाकून! ज्यांच्या बाळंतपणात हिनं महिना महिना रांधून घातलं त्याच बायका.

ज्यानं कुणी ही कंडी पिकवली त्याचं तोंड काळं करून गल्लीतून फिरवलं पाहिजे. मी बापाकना म्हटलं, शोधून काढणार आहे. ते माझ्या कॉम्प्युटरकडे बघत बसले.

३ मे, रविवार

मी आहे ती.

सकाळी तणतणत पाक जुमादींकडे गेले. म्हटलं, "तुम्ही गल्लीप्रमुख ना? एका म्हाताऱ्या बाईच्या अन्नात माती कालवली जातेय आणि तुम्ही कपाळं कसली मोजताय? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

त्यांनी शांतपणे फोन पुढे केला. गल्लीच्या ग्रुपवर माझा नकाशा होता. बोटांनी ताणून ताणून मोठा केलेला, निळा पत्रा, पत्र्यावर लाल ठिपका. खाली त्रेचाळीस जणांनी जोडलेले हात टाकले होते. चौकट अशी कापली होती की करड्या अक्षरांतली टीपही गेली आणि माझं नावही.

"म्बाक वेनिंग, तुमच्याच पेपरात आहे. आम्ही मनाचं बोलत नाही."

"अहो, तो प्रभागाचा मध्य आहे. कुणाच्या घराचा नाही."

"मग घरावर का आहे?"

"कुठेतरी ठेवावाच लागतो."

"म्हणजे पेपरवाले कुठेतरी ठेवून देतात?" ते हसले. "तुम्ही तिच्या हातचं खाल्लंय, तुम्हाला वाईट वाटणारच. बरं, ती नाही तर मग कोण?"

मला ठाऊक नव्हतं. नकाशा मी काढला हे सांगणार होते, पण सांगितलं नाही. तशीच घरी आले. त्या छपराकडे मी पंधरा दिवस रोज बघत होते आणि ते मला फक्त छान दिसत होतं.

५ मे, मंगळवार

ठिपका हलवला. पटकन, कुणाला न विचारता. नदीकाठच्या बॅडमिंटनच्या मोकळ्या मैदानावर नेऊन ठेवला. तिथे ना घर ना दार. आमच्या प्रभागाच्या हद्दीत तो कुठेही ठेवला तरी तितकाच खरा आणि तितकाच खोटा. आज जरा श्वास घेतला.

६ मे, बुधवार

सकाळी आठला भोंग्यावरून पाक जुमादी: "रुग्णानं घराबाहेर पडू नये. काल आपल्यातली एक व्यक्ती नदीकाठी फिरून आल्याचं समजतं. हे शोभत नाही."

ठिपका हलला म्हणजे बुलिक हलली! ग्रुपवर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावून कुणीतरी मध्ये बाणही काढलाय. बाण माझ्यापेक्षा चांगला काढलाय. दुपारी तिच्या दारावर बांबू ठोकले, दोन आडवे, एक तिरपा. ती आतून विचारत होती, "मी कधी गेले रे नदीवर? माझे गुडघे तरी बघा."

ठिपका परत जागेवर ठेवला तर म्हणतील घरी परतली. तिथेच ठेवला तर म्हणतील अजून तिथेच बसलीय. मी दिवसभर कर्सर धरून बसले आणि तो कुठेच नेता येईना.

८ मे, शुक्रवार

मास हांडोकोंना फोन केला. सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहून ठेवायचंय.

"ठिपके काढून टाकूया," मी म्हटलं. "अख्ख्या प्रभागाला फिकट रंग देते."

"म्हणजे नऊ हजार माणसं लाल. उद्या तुमच्या प्रभागातल्या पोरींना बातिक कापडाच्या कारखान्यात आत घेणार नाहीत. ठिपका निदान कुणाला टोचत तरी नाही."

"टोचतो, मास. मी सांगतेय ना, चौथ्या घरात टोचतो."

ते म्हणाले, "टीप ठळक कर. आणि बघ वेनिंग, हा नकाशा आहे म्हणून आपल्या विभागाला अजून कपातीचा हात लागलेला नाही. खेळाचं पान गेलं. तू गेलीस तर हेच काम जकार्ताहून कुणीतरी करेल, आणि त्याला बुलिक कोण हे माहीतही नसेल."

टीप ठळक केली. लोक नकाशा कापताना तीही कापतात.

१२ मे, मंगळवार

आरोग्याच्या बातम्या देणाऱ्यानं आकडे पाठवताना चुकून पूर्ण यादीच पाठवली, नावं-पत्त्यांसकट. मग तीन वेळा फोन करून पुसून टाक म्हणाला. मी पुसली. पण वाचल्यावर पुसली.

आमच्या प्रभागातला तो एक रुग्ण कोण ते आता मला ठाऊक आहे. मशिदीमागे भाड्यानं राहणारी नर्स आहे, सत्तावीस वर्षांची. घरमालकिणीला वाटतंय ती गावी गेलीय. ती इस्पितळातच पडून आहे. नाव मी या वहीतही लिहिणार नाही.

पाक जुमादींना फक्त एक वाक्य सांगायचं, "ती नाही, ही." बुलिकच्या दाराचे बांबू तासाभरात निघतील. आणि ती पोरगी बरी होऊन येईल तेव्हा तिचं सामान रस्त्यावर असेल. दिवसभर हे वाक्य माझ्या तोंडात होतं. उपवास सोडताना पाण्याबरोबर गिळलं.

१५ मे, शुक्रवार

बुलिकनं ठरवलं की बहिणीकडे वोनोगिरीला जायचं. पाक जुमादींनी आनंदानं बांबू काढले, गाडीही बघून दिली. सकाळी गेली, दुपारी परत. तिथल्या गावाच्या तोंडाशीही बांबू, आणि तिथल्या पोरांच्या फोनमध्येही माझा नकाशा. बहीण पलीकडून रडली, ही अलीकडून. मग गाडी वळवली.

दारात पुन्हा बांबू ठोकायच्या आत मी तिच्या खिडकीशी गेले.

"बुलिक, तुम्हाला काही झालेलं नाही. तो ठिपका मधोमध असतो, घराचा नसतो."

"माझं मन राखायला बोलतेस, न्दुक. पेपरात आलंय म्हणजे असणारच. डॉक्टर थोडेच माझ्यासारखीला सांगायला येणारेत? घसा खवखवतोय कालपासून. तू लांब उभी राहा बघू."

घसा रडून खवखवतोय, आणखी काय. मी काढला तो नकाशा, हे सांगायलाच गेले होते. तिनं हातानं झिडकारल्यासारखं केलं, "जा, जा, माझ्या श्वासात उभी राहू नकोस." तर मी निघून आले. भित्री आहे मी. घाबरून बोलतेय ती, जाईल डोक्यातून.

२० मे, बुधवार

चार दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. बुलिकची चूल बंद आहे. मी तिच्या खिडकीत डबा ठेवते, ती मी लांब गेल्यावर घेते. माझ्या हातचा भात तिला खावा लागतोय, हीसुद्धा एक शिक्षाच.

आज बापाक खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"मोजणीला गेलो की मला रोज कुणीतरी म्हणायचं, मोजणीदार, खुंटी दोन हात तिकडे घ्या. मी घ्यायचो नाही, कारण तिकडेही कुणाचं तरी अंगण असायचं. तुझ्या खुंटीला मोकळी जागा मिळाली का?"

"नाही, बापाक."

"मग ज्याला ओरडायचा हक्क नाही त्याच्या अंगणात मार. असा एकच माणूस असतो. मारणारा."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी म्हटलं, "तुम्हीही याच घरात राहता."

"माझी खुर्ची अठरा सेंटिमीटर आत आहे. चालेल."

बुलिकच्या घरापासून आमच्या घरापर्यंतचं चार छपरांचं अंतर पडद्यावर म्हणजे नखाएवढंही नाही. मैदानावरचा ठिपका उचलला आणि आमच्या कौलांवर ठेवला. कौलांचा रंगही लालच, ठिपका नीट दिसेना. म्हणून त्याला पांढरी कड दिली. कड व्यवस्थित आली.

२२ मे, शुक्रवार

दुपारपर्यंत सगळ्यांना दिसलं. पाक जुमादी लांबूनच ओरडले, "म्बाक वेनिंग, तुम्हीच! आणि मला शिकवत होतात!" नळावरच्या बायका म्हणतात, त्यांना आधीपासूनच माहीत होतं. मी फार डबे घेऊन जायचे ना तिच्याकडे.

बुलिकच्या दाराचे बांबू काढले. नवे तोडायचे कष्ट कोण घेणार, तेच आणून आमच्या दाराला ठोकले. एकाला अजून तिच्या चुलीचा धुरकट वास होता. बापाक आतून सांगत होते, "तिरपा नीट बसला नाही रे, डावीकडे घे."

संध्याकाळी गल्लीतून नारळाच्या दुधाचा वास आला. तिची चूल पेटली होती. मी बांबूला तोंड लावून पोटभर रडले.

आता जरा ताप आल्यासारखंही वाटतंय. थर्मामीटर म्हणतो, नाही.

२४ मे, रविवार

लेबारान. महिन्याचे उपवास संपले. आज धाकट्यांनी थोरांसमोर गुडघे टेकायचे, कपाळ त्यांच्या गुडघ्यावर ठेवायचं आणि वर्षभरात कळत नकळत जे केलं त्याची माफी मागायची. मी सकाळी बापाकची मागितली. ते म्हणाले, "टेबल मागे घे, मग देतो."

मग बुलिककडे जायचं, दर वर्षीसारखं. पण बांबू. मी दारात नुसती उभी राहिले. या वर्षी मला तिच्याकडे काय मागायचंय ते माझं मला ठाऊक होतं, आणि ते बांबूंच्या फटीतून ओरडून मागायची हिंमत मी गोळा करत होते.

तर तीच आली. अंगात नवी, गुडघ्यांपर्यंत येणारी कबाया, केसांना तेल, हातात कतुपातची, नारळाच्या पानांत विणून शिजवलेल्या भाताच्या पुड्यांची, जुडी आणि पानात गुंडाळलेलं कोंबडीचं कालवण. गल्लीच्या मधोमध थांबली. जुडी खाली ठेवली. तोंडावरचा रुमाल सारखा केला.

"कोण आहे गं आजारी? तू की बापाक?"

"मी, बुलिक."

"वाटलंच मला."

आणि ती खाली बसली. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, धुळीत, माझ्यासमोर. हात जोडून कपाळाला लावले.

"न्दुक, माझ्याकडनंच लागलं गं तुला. मी तोंड उघडं ठेवून फिरले, तुला खिडकीशी येऊ दिलं, माझ्याच हातचं खायला घातलं. तुझ्या आईला काय तोंड दाखवू? या लेबारानला मला माफ कर."

"बुलिक, उठा! उठा आधी!" मी बांबूवर हात मारत होते. "तुम्हाला काही झालंच नव्हतं. तो ठिपका मी काढलाय. तुमच्या घरावरचा मीच काढला, नदीवरचा मीच, हा आमच्यावरचासुद्धा मीच! माझं काम आहे ते!"

तिनं माझ्या खांद्यावरून बापाककडे पाहिलं. "मास, हिला ताप चढलाय का हो? काहीबाही बोलतेय."

"नाही चढलेला," बापाक म्हणाले. "खरं तेच सांगतेय ती."

"तुम्ही तिचे बाप. तुम्ही असंच म्हणणार," ती म्हणाली. जुडी बांबूपर्यंत सरकवण्यासाठी तिनं काठी आणली होती, त्या काठीनं ती हळूच ढकलली. "आल्याचं पाणी द्या तिला. आणि कालवण गरम आहे तोवर खा."

एक हात जमिनीला लावून ती उठली. कबाया झटकली नाही. गुडघ्यांशी धुळीचे दोन गोल उमटले होते. तशीच चौथ्या घराकडे निघाली.

मी दारात गुडघे टेकले, हात जोडले आणि कपाळ बांबूला लावलं. वर पाहिलं तेव्हा ती घरात गेली होती.